एक्केचाळिसावा कॅन

त्यांनी माझी ओळख करून घेतली ती नाव विचारून नाही, दंडाला पट्टा बांधून.

मी नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. लातूरला गंजगोलाईजवळ एका आडत दुकानाच्या माडीवर डॉक्टरांची प्रयोगशाळा होती. खाली तुरीची पोती, वर काचेच्या नळ्या, आणि जिन्यात दोन्हींचा मिळून एक वास. मी नमस्कार केला, दाखल्यांची फाईल पुढे केली. त्यांनी फाईलकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्ची दाखवली आणि म्हणाले, "बस. पाठ टेकव. आता पाच मिनिटं बोलायचं नाही."

खिशातलं घड्याळ काढून त्यांनी समोर ठेवलं आणि ते माझ्याकडे बघत बसले. पाच मिनिटांनी पट्टा बांधला, पारा वर चढवला, उतरवला. असं तीनदा केलं. मग म्हणाले, "उद्यापासून ये."

"सर, मुलाखत?"

"झाली की. गप्प बसलास. तुझ्या आधीचे तिघं दुसऱ्याच मिनिटाला सासरवाडीपर्यंत पोचले होते."

बी.पी. मोजण्याआधी माणसानं पाच मिनिटं गप्प बसलं पाहिजे, हा त्यांचा नियम शास्त्राला धरूनच होता. पण आमच्या मराठवाड्यात पाच मिनिटं गप्प बसणारा माणूस शोधणं हे मूत्रपिंडाच्या संशोधनापेक्षा अवघड काम. ते मात्र हट्टाला पेटलेले. भोकरला भाच्याच्या लग्नात त्यांनी वरबापाला मांडवामागे नेऊन पाच मिनिटं गप्प बसवलं, आणि तेवढ्यात मानपानाची पंगत उठून गेली. त्या घरानं पुढे दोन वर्षं यांच्याशी बोलणं टाकलं. डॉक्टर म्हणायचे, "बरं झालं. त्यांचंही उतरलं असेल, माझंही उतरलं."

दुसरा नियम तीन मापांचा. "पहिलं माप पाहुण्याचं," ते सांगायचे. "नवा माणूस दारात आला की घर कसं वागतं? घाबरून, सजून, खोटंखोटं. रक्ताचंही तसंच हाय बाबा. दुसऱ्या मापाला जरा सैल होतंय, तिसऱ्याला खरं बोलतंय. म्हणून पहिलं माप कधी लिहायचं न्हाई. सोडून द्यायचं." मी सुरुवातीला एकदा पहिलंच माप वहीत टाकलं होतं. त्यांनी ते पान माझ्यासमोर फाडलं आणि पुन्हा मोजायला त्या माणसाच्या मागे मला थेट बसस्टँडवर पिटाळलं.

डॉक्टर हा माणूस मूळचा कंधारचा. उंच, किडकिडीत, शर्टाची वरची गुंडी कायम तुटलेली. चांगली चालणारी ओपीडी यांनी स्वतःच्या हातानं बुडवली, कारण आलेल्या निम्म्या लोकांना ते "तुला काही न्हाई, लोणचं बंद कर आन घरी जा" एवढंच सांगायचे. पाऱ्याचं यंत्र आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून बरोबर असायचं. एस.टी.त जागा मिळाली की खिडकीशी यंत्र बसायचं, हे उभे. कंडक्टरनं हटकलं तर म्हणायचे, "मी पडलो तर उठेन. हा उठत न्हाई." स्वतः अकरा वर्षं अळणी जेवत होते. मीठ नाही, लोणचं नाही, पापड नाही. "मूत्रपिंड म्हणजे घरातली थोरली सून," असं ते जेवताना हमखास सांगायचे. "मुकाट्यानं राबती. ती बोलायला लागली म्हंजी समजायचं, लई उशीर झाला."

तेव्हा लातूर जिल्हा नवा-नवा होता. कचेऱ्या भाड्याच्या घरांतून चालायच्या. एका खात्याची आवक-जावक तर चक्क स्वयंपाकघराच्या ओट्यावर चाले आणि वर फळीवर डाळीच्या डब्यांच्या जागी गठ्ठे असत. कुठलंही काम घेऊन जा, लातूरवाले म्हणायचे कागद अजून जुन्या जिल्ह्यातून आले नाहीत, जुन्या जिल्ह्याचे म्हणायचे कधीच पाठवले. त्यात दुष्काळ. नळाला आठव्या दिवशी पाणी. भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी, भांड्यांच्या पाण्यात फरशी आणि फरशीचं पाणी लिंबाच्या झाडाला, हे आम्हा सगळ्यांच्या हाताला इतकं बसलं होतं की स्वच्छ पाणी नुसतं ओतून देताना कुणी दिसलं तर छातीत कळ यायची. ही सवयच पुढे मला नडली.

डॉक्टरांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली होती. दुष्काळात विहिरी आटतात, बोअर खोल जातात, पाणी खारं होतं. ते पिऊन माणसांचा रक्तदाब चढतो आणि मूत्रपिंडं झिजतात. हे सिद्ध करायचं तर माणसाच्या पोटात मीठ किती जातं ते कळायला हवं, आणि त्याला उपाय एकच: दिवसरात्रीची सगळी लघवी एका भांड्यात धरून ठेवायची, त्यातलं मीठ मोजायचं. त्यासाठी त्यांनी अहमदपूरच्या पलीकडचं, कंधारच्या शिवेला टेकलेलं एक गाव निवडलं. गावची विहीर कोरडी, हापशाला मचूळ पाणी. टँकरचा अर्ज नव्या-जुन्या दोन्ही जिल्ह्यांत हिंडून दमलेला. प्यायचं गोडं पाणी आणायला बायका कोसभर दूर एका मळ्यातल्या विहिरीवर जायच्या; ते पुरलं नाही की मचूळच प्यायचं.

आम्ही चाळीस नवे कोरे पांढरे प्लास्टिकचे कॅन नेले. प्रत्येकावर डॉक्टरांनी स्वतः लाल रंगानं नंबर घातले होते. चावडीसमोर उभं राहून त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. गावानं माना डोलावल्या.

तीन दिवसांनी आम्ही फाट्यावर उतरून पायी निघालो. वाटेत ती मळ्यातली विहीर. तिथं रांगेत आमचे चाळीस कॅन उभे होते. पाण्यासाठी.

मी हळूच त्यांच्या पाठीमागे सरकलो. डॉक्टर मात्र रांगेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे काय? अकरा नंबर नवाच्या आधी कसा?" आणि पुढे होऊन ते कॅन नंबरवारीनं लावायला लागले! बायका खवळल्या. रांग मोडली म्हणून एकच गिल्ला. त्यात पुढे आल्या सोजरबाई. बुटक्या, साठीच्या आसपासच्या. गावात त्यांच्या शब्दाला सरपंचापेक्षा वजन होतं.

"डॉक्टर, आमचा नंबर हालवू नगा."

"अहो बाई, पण हे कॅन मी कशाला दिले होते?"

सोजरबाईंनी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "एवढं झ्याक भांडं, त्येबी दुस्काळात, आन त्याच्यात मुतायचं? आमाला वाटलं तुमची जीभ घसरली. शिकलेल्या मान्साला तोंडावर कोन बोलतंय, म्हून गप बसलो."

डॉक्टर खाली बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. ठेवा. पाण्यालाच ठेवा."

आता नवी भांडी कुठली आणायची? मी मडकी सुचवली. ती गावानं उडवून लावली; हातात मडकं धरून माणूस कधी चालतो ते काय सांगायला पाहिजे? शेवटी बसस्टँडमागच्या गॅरेजवाल्या मोईनचाचांकडून इंजिन ऑईलचे रिकामे काळे कॅन मिळाले. "इत्ते डब्बे कायकू साब?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी खरं कारण सांगितलं. चाचांनी दोन पावलं मागे सरून सगळे कॅन फुकट देऊन टाकले आणि परत आणू नका म्हणाले.

त्या काळ्या कॅनमध्ये कुणी पाणी भरणार नव्हतं. पण तेलकट होते. धुवायचं काम माझं. "आधी सोड्यानं धू," डॉक्टरांनी बजावलं होतं, "मग डिस्टिल्ड पाण्यानं प्रत्येक कॅन तीनदा खळबळून घे. प्रत्येक वेळी नवं पाणी." मी सोड्यानं चकाचक धुतले. मग डिस्टिल्ड पाण्याची बरणी उचलली आणि हात थांबला. एवढं पाणी? एकेका कॅनला तीनदा? आणि ओतून द्यायचं? मी एका कॅनमध्ये तांब्याभर घेतलं, खळबळलं, तेच दुसऱ्यात ओतलं, तेच तिसऱ्यात. घरी आई जशी तीन पातेली एका पाण्यात काढायची तसं. उरलेलं पाणी खालच्या आडत्याच्या तुळशीला घातलं. पाणी वाचवलं म्हणून त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो.

या खेपेला गावानं काम चोख केलं. चाळीस कॅन भरून आले. एक्केचाळिसावा डॉक्टरांचा स्वतःचा. प्रत्येक खेपेला ते आपलाही नमुना घालायचे, स्वयंपाकिणीनं आधी चाखून बघावं तसा. एका कॉलेजानं मोडीत काढलेलं मीठ मोजायचं यंत्र आमच्याकडे होतं. नमुन्याचा थेंब ज्योतीवर गेला की मिठामुळे ज्योत पिवळी होते. जितकं मीठ जास्त तितकी पिवळी. त्या दिवशी ज्योत हळदीसारखी पिवळी होती, कॅनमागून कॅन. चाळीस आकडे पूर्ण झाले तसे डॉक्टर खुर्चीतून उठले, मला मिठी मारली आणि कागद घेऊन चप्पल न घालताच जिना उतरले. दुपारपर्यंत कचेरीत रिपोर्ट दाखल. आरोग्याला अपायकारक पाणी असं डॉक्टरनं लिहून दिल्यावर दोन जिल्ह्यांमधली ती फाईल एकदाची हलली. सोमवारपासून टँकर, असं ठरलं.

संध्याकाळी मी माडीवर एकटाच होतो. उरलेला एक्केचाळिसावा नमुना ज्योतीवर धरला. ज्योत तितकीच पिवळी.

अकरा वर्षं अळणी खाणारा माणूस, आणि आकडा असा की जणू रोज बरणीभर लोणचं चाटतो. मी कोपऱ्यातल्या सोड्याच्या पुड्याकडे पाहिलं. धुण्याचा सोडा म्हणजे तरी काय, मिठातला तोच अंश त्यातही असतो. चाळीस माणसांचं मीठ म्हणून मी सोडाच मोजत बसलो होतो.

तो आकडा लिहिलेली चिठ्ठी दोन दिवस माझ्या खिशात होती. हदगावच्या आमच्या बौद्धवाड्यात पांढरा कोट घालणारा मी पहिला. नोकरी गेली तर आईला काय सांगू? आणि नोकरीचं एकवेळ जाऊ द्या, टँकर? बोललो तर गावाचं पाणी थांबणार. गप्प बसलो तर डॉक्टर आयुष्यभर माझा सोडा खरा मानून चालणार. खोटं कशाला बोलू, भीती वाटत होती, पहिल्यांदा नोकरीची आणि मग गावाची. क्रम असा होता.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "माझा आकडा कुठं हाय रे?" मी चिठ्ठी दिली. त्यांनी ती वाचली, चष्मा पुसून परत वाचली, आणि गर्रकन जिना उतरून मागच्या गल्लीतल्या घराकडे निघाले. मी मागोमाग. घरात शिरताच ते गरजले, "किती दिवसांपासून माझ्या जेवणात मीठ घालून राहिलीस?"

काकू, म्हणजे डॉक्टरांची बायको, भाकरी थापत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "अकरा वर्षं अळणी रांधतेय. तुमच्यापायी सगळ्या घराचं तोंड गेलं. मीठ घालायचंच असतं तर पहिल्याच दिवशी घातलं असतं, आन तेही मूठभर."

"मग हे आलं कुठून? घरातल्या घरात दगा!"

काकूंचा थापणारा हात थांबला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मला बघवेना.

"सर," मी म्हणालो, "काकूंनी नाही. मी."

सगळं सांगून टाकलं. तांब्याभर पाणी, एका कॅनमधून दुसऱ्यात, तुळशीपर्यंत सगळं. डॉक्टर पाटावर बसले. खिशातलं घड्याळ काढून समोर ठेवलं. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. चुलीवरची भाकरी करपली तरी काकूंनी ती काढली नाही.

मग ते उठले आणि आधी काकूंसमोर हात जोडले. "चुकलो." मला म्हणाले, "चल. रिपोर्ट परत मागू."

कचेरीतल्या बाबूला काही समजेना. "दाखल झालेला कागद परत देता येत नाही, डॉक्टरसाहेब. तशी तरतूदच नाही." मग साहेबांपर्यंत गेलो. साहेब तरुण होते, थकलेले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, राहू द्या ना. गावाला पाणी मिळतंय. कोण बघतंय तुमचे आकडे?"

"मी बघतोय," डॉक्टर म्हणाले. "पाणी न्हाई म्हणून टँकर द्या, मी पाया पडतो. पण माझ्या खोट्या आकड्यावर देऊ नका."

साहेबांचा नाइलाज. आधार गेला तशी फाईल पुन्हा दोन जिल्ह्यांच्या मध्ये जाऊन पडली. सोमवारचा टँकर थांबला.

गावाला तोंड दाखवायला जाताना एस.टी.त मी पूर्ण वाट खिडकीशी असलेल्या यंत्राकडे बघत होतो. डॉक्टरांनी चावडीवर उभं राहून सांगितलं, "धुण्यात चूक झाली. माझी चूक." मी पुढे झालो, पण त्यांनी माझा दंड असा घट्ट धरला की मी जागीच थांबलो.

लोक भडकले. कुणी म्हणालं, "आकडा खोटा का असंना, पानी तं खरं आलं असतं!" डॉक्टर मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी सोजरबाईंनी विचारलं, "आता पुन्ना मोजायचं तर काय लागंल?"

"तेल-सोडा न लागलेली स्वच्छ भांडी. एक दिवस, एक रात्र. पण तसली चाळीस भांडी आता..."

"आमच्याकडं हायेत की. तुमीच दिलेली."

डॉक्टर दचकले. "नको. ते प्यायच्या पाण्याचे हायेत. एकदा यात वापरले की परत..."

"म्हाईत हाय," सोजरबाई म्हणाल्या. "मंग जनावराला पानी पाजू त्याच्यानं. तुमी आमाला खोट्यात ठिवून टँकर दिला असता, तर आमाला कदी कळलं बी नसतं. कळवायला आलाव न्हवं? मंग घ्या." आणि मागे वळून ओरडल्या, "ए पोरींनो, कॅन रिकामे करा! राखंनं घासून द्या!"

"नको!" डॉक्टर किंचाळलेच. "राख नको, सोडा नको, कायबी नको! तसेच द्या!"

त्या दिवशी चाळीस घरांनी गोडं पाणी घागरी-पातेल्यांत, मिळेल त्यात भरून ठेवलं, आणि दुष्काळातली गावातली सगळ्यात चांगली भांडी आमच्या हवाली केली. मी यंत्रासमोर बसलो. आधी एक्केचाळीस नंबर लावला, डॉक्टरांनी कोऱ्या काचेच्या बरणीत धरलेला. ज्योत निळी राहिली, किंचित पिवळी झाक. डॉक्टरांचा अळणीपणा शाबीत झाला. ते धावत जाऊन काकूंना सांगून आले. काकू म्हणाल्या, मला ठाऊकच होतं.

गावाचे आकडे पहिल्यासारखे भडक नव्हते, पण चांगले चढे होते. आणि गंमत अशी की ज्या घरांत नुसतं गोडं पाणी प्यायचे, त्यांचेही तसेच. डॉक्टर चार दिवस कोड्यात होते. पाचव्या दिवशी गावात सोजरबाईंकडे जेवायला बसले आणि ताट बघून उठले. ताटात भाकरी, ठेचा आणि मिठाचा ढीग. डाळ नाही, भाजी नाही, दुष्काळात येणार कुठून? लोक भाकरी मिठाला लावून खात होते. मीठ विहिरीतून कमी आणि ताटातूनच जास्त जात होतं. इतक्या वर्षांचा आपला सिद्धांत असा ठेच्यात बुडालेला बघून दुसरा कुणी खट्टू झाला असता. हे ताटाभोवती नाचायचे तेवढे बाकी होते.

त्याच फेरीत सोजरबाईंना पाच मिनिटं गप्प बसवलं. कशा बसल्या ते त्यांचं त्यांनाच माहीत. तिसरं माप ऐकून डॉक्टरांचा चेहरा बदलला. पायांवर सूज होती, लघवी तापवून पाहिली तर गढूळ झाली. थोरली सून बोलायला लागली होती, पण अगदी उशीर झाला नव्हता. गोळ्या सुरू झाल्या, मिठाचा ढीग ताटातून गेला. पुढे कितीतरी वर्षं त्या लातूरला यायच्या आणि जिन्यातूनच ओरडायच्या, "आलेय हो, गप बसायला!"

नवा रिपोर्ट मीच टाइप करवून आणला. पाण्याचा दोष थोडा, ताटाचा मोठा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे टँकरला उरलासुरला आधारही गेला. मात्र शेवटी त्यांनी हातानं दोन ओळी घातल्या होत्या. पहिली: आधीच्या चुकीची जबाबदारी सर्वस्वी माझी. दुसरी: गावाला पाणी मिळावं यासाठी गावकऱ्यांच्या मूत्रपिंडांची साक्ष काढावी लागू नये.

साहेबांनी ती दुसरी ओळ दोनदा वाचली, असं बाबूनं मला सांगितलं. मग दोन्ही जिल्ह्यांना न विचारता त्यांनी स्वतःच्या सहीनं टँकर सोडला.

टँकर आला त्या दिवशी आम्ही चाळीस नवे कॅन घेऊन गेलो. सोजरबाईंनी ते उलटसुलट करून पाहिले. "आन नंबर कुठायत? नंबराबिगर रांग कशी लावायची?" डॉक्टर रंगाचा डबा घेऊन भर उन्हात मांडी घालून बसले आणि एकेक नंबर घालू लागले. टँकरवाला हॉर्न वाजवत होता, पण नवाच्या आधी अकरा कुणी जाऊ देईना.

परतताना एस.टी.त मी विचारलं, "सर, तुम्ही मला काढून का टाकलं नाही?"

ते खिडकीशी बसलेल्या यंत्राचं लुगडं सारखं करत होते. त्यांना माझ्या प्रश्नाचा रागच आल्यासारखं वाटलं.

"इतके दिवस माझ्याजवळ काय शिकून राहिलास तू?" ते म्हणाले. "पहिलं माप लिहायचं नसतं."

मी तोंड फिरवून रडलो, ते त्यांनी पाहिलं की नाही, माहीत नाही. तेवढ्यात कंडक्टर तिकीट द्यायला आला. डॉक्टरांनी त्याचा दंड धरला आणि म्हणाले, "बसा जरा. आन पाच मिनिटं बोलू नका."